रडारवर पाऊस दिसतोय, मग पडत का नाही?

प्रश्न: मोबाईलवर लाइव्ह रडार बघायची सवय लागलीय, पण परवा आमच्या गावावर मस्त हिरवा पट्टा दिसत होता आणि एक थेंब नाही पडला, आणि काल स्क्रीन कोरी तर बाहेर भुरभुर चालू. विश्वास ठेवायचा का? आणि पाऊस किती वेळात येईल ते कसं काढायचं?

उत्तर: विश्वास जरूर ठेवा. फक्त एक लक्षात घ्या, रडार तुमच्या अंगणातला पाऊस बघत नाही, ते वर हवेतले थेंब बघतं. रडारचा झोत थोडा वर तिरका सोडलेला असतो, त्यात पृथ्वी गोल, त्यामुळे अर्धा अंश वर धरलेला झोत १०० किमीवर साधारण दीड किमी उंच असतो आणि २०० किमीवर चार किमीच्या आसपास, म्हणजे खालच्या ढगातली भुरभुर त्याच्या खालूनच निसटते. याच्या उलट कधी वर पाऊस खरंच असतो पण खालची हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच वाळून जातात, तुमचा हिरवा पट्टा बहुतेक तसाच असणार. म्हणून आधी रडार स्टेशन आपल्यापासून किती लांब आहे ते बघून ठेवा, मधे डोंगर असेल तर त्याच्या पलीकडचं आणखीच कमी दिसतं.

आता वेळ. एका चित्रावरून काहीच कळत नाही हो, लूप चालवा, म्हणजे मागची काही चित्रं ओळीने फिरवून बघा! पट्ट्याची पुढची कड अर्ध्या तासात १५ किमी सरकली आणि आता ती २० किमीवर आहे, तर तुमच्याकडे साधारण ४० मिनिटं आहेत, अर्थात ती तुमच्याच दिशेने येत असेल तर. चित्रावरची वेळ पण वाचा, कारण ते बऱ्याचदा ५-१० मिनिटं जुनं असतं, आणि काही अ‍ॅप पुढच्या तासाचा अंदाज त्याच रंगात दाखवतात तो लोक खरा पाऊस समजून बसतात. लांबलचक पट्ट्याला हे गणित छान लागू पडतं, पण दुपारी जागच्या जागी फुगणारे गडगडाटी ढग तासाभरात तयार होऊन संपूनही जातात, तिथे अर्ध्या तासापलीकडचं काही धरू नका. आणि गडगडाट ऐकू आला की रंग कितीही लांब असू दे, आधी घरात या, वीज पावसाच्या बाहेर १० किमीवरही पडू शकते.

प्रश्न: डोंगरावर एक ठिपका रोज दिसतो, हलतच नाही. तिथे सतत पाऊस असतो का?

उत्तर: नाही, तो डोंगरच आहे. झोत त्याच्यावर आपटून परत येतो. बरेचसे असे ठिपके सॉफ्टवेअर गाळून टाकतं, काही राहतात. रोज त्याच जागी, लूपमध्ये न सरकणारा आणि न बदलणारा ठिपका दिसला की तो बहुतेक पाऊस नसतो.