माना खाली घालणारे आम्ही

प्रश्न : मीटिंगमध्ये साहेब एका नवीन मुलीला सगळ्यांदेखत टाकून बोलतात. आम्ही माना खाली घालतो. नोकरी सांभाळून काय करता येईल?

उत्तर : साहेबांना सुनवा, असं मी सांगणार नाही, हप्ते तुम्हाला फेडायचे आहेत. पण गप्प बसणं फार लवकर पसरतं. १९६८ साली लाटाने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोक बसलेल्या खोलीत धूर सोडून पाहिला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून कळवलं. शेजारी दोघं ढिम्म असले की फक्त १० टक्क्यांनी! तेव्हा पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "सर, तिचा मुद्दा मला पूर्ण ऐकायचाय." आवाज कापला तरी चालेल. आणि आधीच एखाद्या सहकाऱ्याला विश्वासात घ्या, म्हणजे लगेच दुसरंही कुणी बोलेल.