चावी आधीच मागून घे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पीत नाहीस, म्हणून पार्टी संपल्यावर 'गाडी कोण चालवणार' हे ठरवणं तुझ्याच गळ्यात पडतं. पडू दे. फक्त कुणाच्या झोकांड्या जायची वाट बघू नकोस. तोल बराच उशिरा जातो. त्याआधी अंदाज जातो, आणि गाडी चालते ती अंदाजावर.

माणसाची तुलना शेजारच्या पिणाऱ्याशी नको, त्याच्याच दुपारच्या वागण्याशी कर. एरवी मोजकं बोलणारा आवाज चढवून तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय का? यूपीआयचा पिन दोनदा चुकला का? उठताना खुर्ची धरली का? चालता चालता काहीतरी विचार. उत्तर द्यायला तो थांबला, तर दोन कामं एकदम झेपत नाहीत हे समज. बाइकवाला असेल तर हेल्मेटचा पट्टा लावताना बघ. 'सरळ रेषेत चालून दाखव' मात्र म्हणू नकोस. मिनिटभर नेट लावून बरेच जण चालतात आणि वर पैज जिंकल्यासारखी चावी फिरवतात.

नुसत्या वासावर जाऊ नकोस, बडीशेप तो झाकते. डोळे जागरणानेही लाल होतात. रोजचा पिणारा तर चालतोही नीट, पण ब्रेकवर पाय उशिरा पडतो.

'मी फक्त बिअर घेतली' याचा हिशेब करून बघ. 30 मिलीच्या पेगात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत 40 ग्रॅम. म्हणजे चार पेग! एक छोटा पेग निपटायला यकृताला तास-दीड तास लागतो. कॉफी, लिंबूपाणी, आंघोळ यांनी ते घाई करत नाही. रात्री अकराला संपवलेली 180 मिलीची क्वार्टर सकाळी सहालाही रक्तात उरलेली असू शकते. शेवटचा पेग घाईत रिचवून उठलेल्याला तर अर्ध्या-एक तासाने, नेमकी हायवेवर, आणखी चढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, पण त्याखालीही लक्ष विचलित होतंच.

चावी पहिल्या पेगालाच मागून घे, तेव्हा सगळे हसत देतात. उशीर झालाच तर चारचौघांत 'तुला चढलीय' म्हणू नकोस, वाद पेटतो. बाजूला घे, 'गाडी इथेच राहू दे, सकाळी नेऊ' म्हण आणि रिक्षा आधीच बोलावून ठेव.

एक गोष्ट वेगळी. मधुमेह्याची साखर उतरली तरी तो घामाघूम होतो, बरळतो. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी दे. तोंड एका बाजूला वाकडं झालं असेल, किंवा पिऊन पडलेला हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल, तर 108 ला फोन कर आणि गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर निजवून शेजारी बस.