“मॅडम, माझ्या खाण्यामुळे तर होत नसेल ना?”

मी डॉक्टर नाही, पण लहान बाळांच्या आया सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. बाळाच्या अंगावर पुरळ उठतंय, कारण सापडत नाही, बाळ दिवसभर किरकिर करतं. आणि घरातल्या प्रत्येकाला कारण मात्र ठाऊक असतं : आईनं काहीतरी खाल्लं असणार.

मागच्या पावसाळ्यात नाशिकमधली एक आई २० महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. सोबत सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिची तक्रार पुरळाची नव्हतीच. “मुलगा फार हट्टी झालाय, मॅडम. आधी असा नव्हता. ताट उधळतो, कडेवरून उतरत नाही, रात्री चार-चारदा रडत उठतो.” पुरळाचा विषय जाता जाता निघाला. दृष्ट काढून झाली होती, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळी झाल्या होत्या. औषधाच्या दुकानातून आणलेली एक ट्यूब लावली की दोन-तीन दिवस लाली उतरायची आणि पुन्हा होतं तसंच. बाळ अजून रात्री अंगावर पीत होतं, म्हणून आईनं स्वतःची आणि त्याचीही अंडी, शेंगदाणे, दूध, टोमॅटो, वांगी एकेक करत बंद केली होती. दोघांच्या ताटात उरलं होतं वरण-भात आणि दोडका. तिचे डोळे खोल गेले होते.

त्या दिवशी मी ऐकला तो फक्त ‘हट्ट’. झोपेच्या वेळा, अंगावरचं दूध सोडवणं, रडताना त्याच्याशी कसं बोलायचं, हेच मी सांगत बसले. त्वचेकडे मी आधी बघायला हवं होतं, याची रुखरुख अजून आहे. एक गोष्ट मात्र बरी झाली. मी तिला पाच दिवसांची वही लिहायला सांगितली : काय खाल्लं, कधी रडला, रडताना काय करत होता.

पुढच्या खेपेला ती वही घेऊन आली. बाजारातली छोटी, चौकटीची वही. ‘११.४० – रडत उठला, पाय एकमेकांवर घासतोय.’ ‘१.१५ – मनगट चावतोय.’ ‘३.०० – परत.’ पाचही रात्री अशाच. दिवसा मात्र, खेळात रमला की तासतासभर कुरकुर नाही. ज्या दिवशी त्यानं हट्टानं चुलत्याच्या ताटातलं अंडं खाल्लं, त्या दिवशीचं पान मी दोनदा वाचलं. रात्र इतर रात्रींसारखीच गेली होती.

मी वही वाचत असताना सासूबाई डाव्या हाताचं मनगट खाजवत होत्या. त्यांचं त्यांनाही ते कळत नव्हतं.

“आजी, तुम्हाला कधीपासून खाज सुटते?”

“मला? छे, ते साबणानं होतं.”

मग आईनं बोटं पसरून दाखवली. बोटांच्या बेचक्यांत बारीक लाल पुटकुळ्या होत्या. नवऱ्याच्याही कमरेला खाज होती, रात्री पंखा वाढवला की बरं वाटतं म्हणायचा. बाळाच्या तळव्यांवर, तळपायांवर आणि काखेत तसेच पुरळ. घरातले चौघे खाजवत होते आणि चौकशी चालली होती एकटीच्या ताटाची.

निदान करणं माझं काम नाही. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, खरूज.

खरजेचा किडा डोळ्यांना धड दिसतही नाही. तो कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि खाज रात्री वाढते. पहिल्यांदा लागण झाली की त्रास सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून कारण आणि पुरळ यांची सांगड कोणाला घालता येत नाही. या घरात मे महिन्याच्या मध्यावर निफाडकडचं एक लग्न झालं होतं. दोन रात्री बायका-मुलं एकाच खोलीत, एकाच गोधड्यांत झोपली होती. पुरळ दिसलं जूनच्या शेवटी. दुकानातल्या त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं लाली दबते, किडा जिवंतच राहतो, आणि डॉक्टरांनाही नंतर पुरळ ओळखणं कठीण जातं. अशी ट्यूब बाळाला मनानं लावू नका, हे मी प्रत्येक घरी कळकळीनं सांगते.

उपचार अवघड नव्हता, पण सगळ्यांनी एकाच रात्री करायचा होता, खाज असो वा नसो. डॉक्टरांनी दिलेलं परमेथ्रिन ५ टक्क्यांचं मलम रात्रभर अंगभर, बाळाला डोक्यालाही, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात. धुता न येणारं सामान पिशवीत बांधून काही दिवस बाजूला. सासरे म्हणाले, “मला काही झालेलं नाही.” त्यांना तयार करायलाच एक आख्खी बैठक गेली.

त्यांना औषधाचं काही नव्हतं, शब्दाचं होतं. “आमच्या घरात खरूज? आम्ही काय अस्वच्छ आहोत?” खरूज जवळ झोपल्यानं, बराच वेळ अंगाला अंग लागल्यानं होते, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, आणि जगात कोणत्याही वेळी २० कोटींहून अधिक लोकांना ती असते. हा आकडा ऐकून सासूबाई थोड्या सैलावल्या.

प्रत्येक पुरळ खरूज नसतं. कोपर-गुडघ्यांच्या घड्यांत कोरडे चट्टे असतील तर इसब असू शकतो, मानेवर-पाठीवर घामोळं, उघड्या हातापायांवर डास-पिसवांचे चावे. काही मुलांना खाण्याची ॲलर्जी खरंच असते, पण बहुधा तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात किंवा उलट्या होतात. शंका असेल तर डॉक्टरांना विचारूनच पदार्थ बंद करा. ओठ सुजले, श्वास लागला, तापात जांभळे ठिपके आले आणि दाबल्यावर फिके पडले नाहीत, किंवा मूल मलूल झालं, तर वही वगैरे बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.

दुसऱ्या मलमानंतर दहा दिवसांनी आईचा घाबरा फोन आला : “अजून खाजवतोय!” किडे मेल्यावरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते, नवे पुरळ नसतील तर धीर धरा, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाईत निसटलं होतं. मी तिला पुन्हा सांगितलं. त्या आठवड्यात बाळ पहिल्यांदा सलग सहा तास झोपलं. आणि हट्ट? ताट उधळणं अजून अधूनमधून आहे, ते वयच तसं आहे. कडेवर चिकटून राहणं मात्र गेलं. तिनं पुन्हा शेंगदाण्याची चटणी खायला सुरुवात केली.

एक काम राहिलं होतं. लग्नघरी कळवायचं. सूनबाई कचरत होत्या. माहेरचा-सासरचा प्रश्न, बोभाटा होईल. शेवटी सासूबाईंनीच स्वतःच्या नणंदेला फोन लावला आणि सरळ सांगितलं, “आमच्याकडं सगळ्यांना खरूज झाली होती. तुमच्याकडं पण बघून घ्या.” पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आवाज आला, “वहिनी, आमचा धाकटा नातू दोन महिने रात्रभर रडतोय. आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं.”