घरचे छोटे पूल टेबल: पांढरा चेंडू आधी थांबवायला शिका

आपण विचारले आहे की, दिवाळीच्या सुट्टीत मुलासाठी घेतलेले तीन फुटी पूल टेबल (काठीने चेंडू पॉकेटांत घालण्याच्या खेळाचे) जेवणाच्या टेबलावर ठेवून आपण दोघे खेळता, पण कॅरमचा हात चांगला असूनही पुढचा फटका कधी सोपा मिळत नाही. तेव्हा क्लबात न जाता हा खेळ घरी शिकता येईल का. नक्की येईल. मी येथे सोलापुरातच अशा टेबलावर माझ्या दोन पुतण्यांना शिकवले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम टेबलाची सपाटी तपासावी. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम; नाहीतर चेंडू मध्यभागी अलगद सोडून तो कोणत्या बाजूला ओढला जातो ते पाहावे आणि त्या बाजूच्या पायाखाली कागदाची घडी सारावी. आवाज आणि हादरे कमी व्हावेत म्हणून खाली आपली सोलापुरी चादर अंथरता येते, परंतु एकेरीच, कारण जाड घडी दबते आणि साधलेली सपाटी पुन्हा बिघडते. एप्रिल-मे महिन्यांत हे टेबल पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर मुळीच ठेवू नये. उन्हाने तळाची फळी एकदा वाकली की ती पूर्ववत होत नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅरममुळे आपली नजर कोनांना सरावलेली आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र कॅरममध्ये प्रत्येक फटक्याआधी स्ट्रायकर उचलून बेस लाइनवर हव्या त्या जागी ठेवता येतो, तर येथे काठीने मारायचा पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारावा लागतो. शिवाय स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी जेमतेम ५ ग्रॅमची, त्यामुळे सोंगटीला लागूनही स्ट्रायकर पुढे जातो. पूलमध्ये मात्र सर्व चेंडू जवळजवळ सारख्या वजनाचे असल्याने सरळ, भरीव टक्कर झाली की पांढरा आपला सगळा वेग समोरच्याला देऊन जागीच थांबतो. हे ज्याला साधले त्याला पुढचा फटका सापडू लागतो. आपली अडचण नेमबाजीची नसून या थांबवण्याची आहे, असे मला वाटते.

त्यासाठी पहिले दोन आठवडे फक्त दोनच चेंडू घ्यावेत. डाव्या हाताचा पंजा पांढऱ्यापासून वीतभर किंवा थोडा कमी मागे टेकवून, अंगठा आणि तर्जनी यांच्या खाचेतून क्यू, म्हणजे खेळायची काठी, सरळ सरकवावा. एका हाताच्या अंतरावरचा चेंडू सरळ पॉकेटमध्ये घालावा आणि पांढरा टकरीच्या जागीच थांबतो का ते पाहावे. तो टकरीनंतर पुढे घरंगळत गेला, तर क्यूचे टोक मध्याच्या किंचित खाली लागू द्यावे. जोर कमीच ठेवावा. छोट्या टेबलावर जोरात मारलेला चेंडू पॉकेटच्या जबड्यात आपटून परत येतो. क्यूच्या टोकाला शाळेचा खडू लावू नये, त्याने पकड येत नाही आणि कापड मळते.

सरळ फटका बसला की कट, म्हणजे चेंडूला बाजूला लागून तो तिरपा पाठवणे, शिकावा. पांढऱ्याचा मध्य समोरच्या चेंडूच्या कडेवर रोखला, तर तो चेंडू नेमाच्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत जातो. हा एक कोन अंगवळणी पडला की इतर कोन त्याच्याच आधाराने कळतात.

माझे आग्रहाचे सांगणे असे की, पंधरा चेंडूंचा डाव मांडण्याची घाई न करता आधी तीन चेंडूंचे बिलियर्ड्स खेळावे. पांढऱ्याने इतर दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की कॅनन होतो आणि त्याचे दोन गुण मिळतात. पांढऱ्यावर ताबा यायला याहून चांगला सराव नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद जिंकले ते याच तीन चेंडूंच्या खेळात, हे आपल्या मुलाला अवश्य सांगावे.

आमच्याकडे थोरल्या पुतण्याला सलग तीन कॅनन जमायला दीड महिना लागला, आणि त्यानंतरच आम्ही पंधरा चेंडू टेबलावर मांडले.