गेल्या जन्मीचं देणं: ‘पास्ट लाइफ रिग्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘संमोहनातून मागचे जन्म पाहण्याच्या पद्धतीवर मराठीत माहितीपत्रक लिहिते आहे. पास्ट लाइफ रिग्रेशनला पुनर्जन्म उपचार, पूर्वजन्म प्रतिगमन आणि प्रतिप्रसव असे तीन शब्द वाचले. कोणता घ्यावा? हीलिंगला काय म्हणावं? आणि जातिस्मर या शब्दात जात कुठून आली?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. जातिस्मर म्हणजे मागचा जन्म आठवणारा. इथला ‘जाति’ हा शब्द ‘जन्’ या धातूवरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ जन्म एवढाच. जन्मजात, जातक, जातकर्म या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत तिसऱ्या पादातलं, म्हणजे प्रकरणातलं, अठरावं सूत्र आहे, ‘संस्कारसाक्षात्करणात् पूर्वजातिज्ञानम्’. संस्कारांचं थेट दर्शन झालं की पूर्वीच्या जन्मांचं ज्ञान होतं. यातली ‘पूर्वजाति’ म्हणजे पूर्वजन्म. पुढे जात हा शब्द समाजातल्या उतरंडीला चिकटला आणि मूळ अर्थ मराठी कानाला ऐकू येईनासा झाला. माहितीपत्रकात जातिस्मर वापरलात तर एका ओळीत खुलासा द्या, नाहीतर वाचक तिथेच अडखळेल.

आता पूर्वजन्म आणि पुनर्जन्म. हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी लिहिले जातात आणि ते मला खटकतं. पूर्वजन्म हा मागे वळून पाहणाऱ्याचा शब्द आहे. आज आहे त्याच्या आधीचा जन्म तो पूर्वजन्म. पुनर्जन्म म्हणजे पुन्हा जन्माला येणं. ती एक घटना आहे आणि तिचं तोंड पुढे आहे. गीतेत 4.9, 8.15 आणि 8.16 या तिन्ही श्लोकांत पुनर्जन्म येतो तो नकारासोबत: मला येऊन मिळालेल्याला पुनर्जन्म नाही. म्हणजे परंपरेत हा शब्द टळावा अशा गोष्टीचा आहे. रोजच्या मराठीत मात्र त्याला नेमका उलटा, आनंदाचा अर्थ आला. मोठ्या अपघातातून किंवा शस्त्रक्रियेतून माणूस वाचला की घरचे म्हणतात, ‘पुनर्जन्मच झाला म्हणायचा.’ त्यामुळे ‘पुनर्जन्म उपचार’ वाचून कुणाला ते व्यसनमुक्तीचं केंद्र वाटलं तर दोष वाचकाचा नाही. तुमचा विषय मागच्या जन्मांचा आहे, तेव्हा शब्द पूर्वजन्मच हवा.

प्रतिप्रसवाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. हा शब्द हल्ली फार वापरला जातो, आणि तो योगसूत्रांतून आल्यामुळे त्याला वजनही आहे. दुसऱ्या पादातलं दहावं सूत्र ‘ते प्रतिप्रसवहेयाः सूक्ष्माः’ असं आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे क्लेश सूक्ष्म झाले की प्रतिप्रसवाने टाकायचे. प्रसव म्हणजे बाहेर येणं, उत्पन्न होणं. प्रतिप्रसव म्हणजे जिथून निघालं तिथे परत मिसळून जाणं. चौथ्या पादातल्या शेवटच्या सूत्रात तो पुन्हा येतो, आणि तिथे गुणांचा प्रतिप्रसव म्हणजे थेट कैवल्य. म्हणजे हा शब्द मोक्षाच्या दारातला आहे. एका जन्मातून मागच्या जन्मात डोकावण्याला तो लावणं मला पटत नाही. ज्या सूत्रात खरोखर पूर्वजन्मांचं ज्ञान सांगितलं आहे, त्या तिसऱ्या पादातल्या सूत्रात प्रतिप्रसव नाहीच.

त्याच सूत्रावरच्या व्यासभाष्यात जैगीषव्य आणि आवट्य या दोन ऋषींची गोष्ट आहे. जैगीषव्याला दहा महासर्गांतले, म्हणजे सृष्टीच्या दहा मोठ्या फेऱ्यांतले, आपले सगळे जन्म दिसले. आवट्याने त्याला विचारलं, देव आणि माणूस होऊन इतक्यांदा जन्मलास, तर सुख जास्त दिसलं की दुःख? जैगीषव्य म्हणाला, जे जे अनुभवलं ते सगळं मी दुःखच समजतो. परंपरेने मागचे जन्म पाहिले ते या जन्माची कंबरदुखी किंवा पाण्याची भीती जावी म्हणून नव्हे. जन्मांची सगळी रांगच संपावी म्हणून पाहिले. आजचा हेतू वेगळा आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुखणं हलकं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण हेतू वेगळा असेल तर जुन्या शब्दाचं वजन उसनं घेऊ नये.

राहिलं प्रतिगमन. शब्द म्हणून तो बिनचूक आहे, पण मराठीत ‘प्रतिगामी’ हा शब्द पुरोगामीच्या विरुद्ध इतका पक्का बसला आहे की प्रतिगमन म्हटलं की काहीतरी मागासलेपणाचं चाललंय असं वाटतं. आपल्याकडे ‘मागोवा’ हा इतका चांगला शब्द पडून असताना तिकडे जायचं कशाला? माग म्हणजे पायाचा ठसा, वाट. माग काढत जाणं म्हणजे मागोवा घेणं. त्यात शोध आहे, मागे जाणं आहे, आणि मुख्य म्हणजे जे सापडेल ते खरंच निघेल अशी हमी नाही. मी लिहीन, ‘संमोहनातून पूर्वजन्माचा मागोवा’. दोन शब्दांत हवं असेल तर ‘पूर्वजन्म-मागोवा’.

हमी नसणं मला महत्त्वाचं का वाटतं ते सांगते. माझ्या एका मैत्रिणीने अशी सत्रं घेतली होती. तिला लहानपणापासून खोल पाण्याची भीती. विहिरीच्या कठड्याला हात लावायची नाही. सत्राचं ध्वनिमुद्रण तिने मला ऐकवलं. पहिली काही मिनिटं ती नेहमीसारखी बोलत होती, ‘मी चालले आहे, पायऱ्या उतरते आहे.’ मग आवाज खाली गेला आणि ती म्हणाली, ‘मी काठावर उभा आहे. दोर माझ्या हातात आहे. खालून कुणीतरी हाक मारतंय.’ मी तिथेच थांबवून पुन्हा लावलं. उभा! तिला स्वतःला हे कळलंच नव्हतं. ‘असं बोलले मी?’ म्हणून तिनेही तीन वेळा ऐकलं.

इंग्रजीत ‘मी उभा’ आणि ‘मी उभी’ हा फरक ऐकूच येत नाही. मराठीत ‘मी’ म्हटल्याबरोबर पुढचं रूप बाई की पुरुष ते सांगून टाकतं. त्यामुळे मराठीतून घेतलेल्या सत्रात एक असा क्षण उघडा पडतो, जो इतर कित्येक भाषांत झाकलेला राहील. यावरून ती मागच्या जन्मी पुरुष होती हे सिद्ध होतं का? नाही. रंगभूमीवर बाईने पुरुषाची भूमिका केली की तीही ‘उभा’च म्हणते. मन एखाद्या भूमिकेत किती खोल उतरलं आहे, एवढंच ते रूप दाखवतं.

आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती हेच सांगू लागली तेव्हा वाक्य असं झालं: ‘मी म्हणे दोर धरून उभा होते.’ उभा आणि होते, दोन्ही एकाच वाक्यात, आणि मध्ये ‘म्हणे’. या ‘म्हणे’वर माझा फार जीव आहे. ऐकलेलं आहे, स्वतः हमी देत नाही, पण खोटंही म्हणत नाही, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत बसतं. तुमच्या माहितीपत्रकात अनुभव लिहाल तेव्हा ‘तिला आठवलं’ असं लिहू नका, ‘तिला दिसलं’ असं लिहा. आठवण म्हटली की ते घडलं होतं हे गृहीत धरलं जातं.

हा काटेकोरपणा उगाच नाही. 1952 साली अमेरिकेत कोलोराडोमधल्या प्वेब्लो गावी मोरी बर्नस्टाइन नावाच्या हौशी संमोहनकाराने एका विवाहितेला संमोहित केलं आणि ती एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमधली ब्राइडी मर्फी म्हणून बोलू लागली. 1956 मध्ये त्यावरचं पुस्तक प्रचंड खपलं. मग वार्ताहरांनी शोध घेतला, तर त्या बाईच्या लहानपणी शिकागोत तिच्या घरासमोर त्याच नावाशी जुळणारी एक आयरिश बाई राहत होती. संमोहित झालेली ती विवाहिता खोटं बोलत होती असं नाही. ऐकलेलं, विसरलेलं, मनात रचलेलं असं सगळं संमोहनात एकत्र येतं आणि आठवण म्हणून उभं राहतं. लहान मुलांच्या पूर्वजन्माच्या कथा आयुष्यभर गोळा करणारे व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनीसुद्धा संमोहनातून निघालेल्या पूर्वजन्मांवर फारसा विश्वास ठेवला नाही.

याच कारणाने ‘उपचार’ आणि ‘चिकित्सा’ हे शब्दही मी टाळीन. ते वैद्याचे शब्द आहेत. ते वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर त्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. हीलिंगसाठी मला ‘सल निघणं’ सुचतं. सल हा शल्यावरून आला. शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेलं बाणाचं टोक; त्यावरूनच शल्यक्रिया. मनात काहीतरी रुतलेलं आहे, दिसत नाही, पण हलताना टोचतं, हे मराठी माणूस एका ‘सल’मध्ये सांगतो. माझी मैत्रीण म्हणते, ‘भीती आहे, पण आता मानगुटीवर बसलेली नाही.’ तेही चालेल. ‘हील झाले’पेक्षा कधीही चांगलं.

पण खरं सांगायचं तर, मागच्या जन्माच्या आधाराने मन सावरायची मराठीची स्वतःची रीत वेगळीच आहे. ती आठवणीची नाही, हिशोबाची आहे. देणं, घेणं, फेडणं, फिटणं. ऋणानुबंध हा शब्दच बघा, ऋणाने बांधलेलं नातं. एक जुनं सुभाषित सांगतं की गुरंढोरं, बायको, मुलं, घर ही सगळी ऋणानुबंधाची रूपं आहेत आणि ऋण संपलं की तीही संपतात. आता निमंत्रणपत्रिकांवर ‘आपले ऋणानुबंध वृद्धिंगत व्हावेत’ असं छापतात, आणि त्यातलं कर्ज कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या आजीचं पहिलं मूल अकरा महिन्यांचं होऊन गेलं. मी तिला मोठेपणी त्याबद्दल विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, ‘त्याचं माझ्याकडं तेवढंच येणं होतं. अकरा महिन्यांचं दूध. घेतलं आणि गेला.’ मग एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, ‘राहिलं असतं माझ्याकडं, तर पुन्हा यावं लागलं असतं त्याला.’ तिने कधी मागचा जन्म पाहिला नव्हता, पाहावा असंही तिला वाटलं नसेल. कोणता जन्म, कोणता गाव, काही माहीत नव्हतं. ‘येणं’ या एका शब्दावर ती साठ वर्षं उभी राहिली. याच शब्दांनी पिढ्यान् पिढ्या बायकांना ‘तुझे भोग’ म्हणून गप्पही बसवलं आहे, हेही मला ठाऊक आहे. दुसऱ्याने सांगितलं की तो दट्ट्या होतो. आजीने ते स्वतःचं स्वतः म्हटलं होतं.

मागचे जन्म मोजून सांगितल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई, ज्यांची समाधी शिऊरला आहे, त्यांनी अखेरच्या वेळी मुलाला, विठोबाला, आपले आधीचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा. ते अभंग वाचावेत असे आहेत, कारण त्यांत आपल्या आजाराचं कारण शोधणं नाही. निघण्याआधी आई मुलाला सगळा हिशोब सांगून मोकळी होते आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. माहितीपत्रकात ‘मागील जन्मामध्ये’ असं लिहू नका, ‘मागच्या जन्मी’ लिहा. घरी, दारी, गावी, रात्री, दुपारी यांतला तो ‘ई’ म्हणजे जुनी सप्तमी; ठिकाणाला आणि वेळेला, दोन्हीला चालणारी. ‘जन्मी’ म्हटलं की तो जन्म कधीकाळी राहून आलेल्या घरासारखा वाटतो. पालीत बुद्धाला बोधीच्या रात्री पहिल्या प्रहरी जे ज्ञान झालं असं सांगतात, त्याचं नाव ‘पुब्बेनिवासानुस्सति’, पूर्वीच्या निवासांची आठवण. निवास म्हणजे राहणं, बिऱ्हाड. तेव्हा तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: ‘मागच्या जन्मी आपण कुठे होतो याचा संमोहनातून मागोवा घेताना अनेकांना काही दृश्यं दिसतात, आणि काहींच्या मनातला जुना सल त्यानंतर कमी होतो.’