पृथ्वीसारखे ग्रह शोधताना सूर्यासारखे तारे सोडून लाल बटू ताऱ्यांवर (सूर्यापेक्षा लहान आणि थंड ताऱ्यांवर) एवढा भर का?

मुख्य कारण आकाराचं. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर प्रकाश जेमतेम ०.००८ टक्के घटतो, आणि अशी घट टिपूनच ग्रह शोधतात. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२ टक्केच, त्यामुळे तिथे तीच घट ०.६ टक्क्यांच्या आसपास जाते. चिलीतल्या फक्त ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला ती दिसली! शिवाय तारा थंड, म्हणून पाणी द्रवरूप राहू शकेल असा पट्टा अगदी जवळ. ट्रॅपिस्ट-१च्या 'ई' नावाच्या ग्रहाचं वर्ष ६.१ दिवसांचं. म्हणजे तीन अधिक्रमणं (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) पंधरवड्यात पाहून होतात, सूर्य-पृथ्वीसारख्या जोडीसाठी किमान दोन वर्षं थांबावं लागतं.

खरी डोकेदुखी ग्रहाचं वातावरण तपासताना. अशा ताऱ्यांच्या थंड डागांत पाण्याची वाफ असू शकते, आणि वर्णपटात (प्रकाशाच्या रंगवार नोंदीत) ती ग्रहाचीच वाटते. त्यात निरीक्षण चालू असताना तारा मधेच भडकला तर ते अधिक्रमण जवळपास वायाच.