स्टूल सोडा, जिना सोडू नका

प्रश्न : माझं वय ७१. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरलो. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून घरात माझ्यावर पहारा बसला आहे. मुलाने स्टूल माळ्यावर टाकलं, जिना एकट्याने उतरायचा नाही, संध्याकाळचं फिरणं बंद. बायको वर म्हणते, "जरा पॉझिटिव्ह राहा." जपूनही राहायचं आणि आनंदीही राहायचं, हे जमवायचं कसं? खरं सांगतो, आता मलाही भीती वाटते.
– एक वाचक

उत्तर : स्टूल माळ्यावर टाकलं हे वाचून हसू आलं. ते काढायला आता दुसरं स्टूल लागणार! पण स्टुलाच्या बाबतीत मी मुलाच्या बाजूची, आणि जिना-फिरण्याच्या बाबतीत तुमच्या.

मी ७४ वर्षांची. फिजिओथेरपिस्ट म्हणून ३५ वर्षं लोकांना पडू नये म्हणून काय करायचं ते शिकवलं आणि ६९व्या वर्षी स्वतःच पडले. रात्री फोन वाजला, ताडकन उठले, दिवा लावला नाही, पायात चादरीचं टोक अडकलं. हात टेकला तो मनगट मोडूनच. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण मी भिंत काही सोडेना. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी भेटायला आली होती. मला चालताना बघून म्हणाली, "मॅडम, पाय उचला ना, फरफटताय." हेच वाक्य मी पेशंटना हजारदा ऐकवलेलं! भीतीने पावलं आखूड होतात, पाय घासत जातो आणि मग पायपुसण्याच्या कडेलाही अडखळतो. त्यात चालणं कमी केलं की मांड्यांतलं बळ जातं. म्हणजे पडू नये म्हणून बसून राहिलेला माणूस पडायचीच तयारी करत असतो.

घरातलं तुम्हाला ठाऊक असेलच : बाथरूममध्ये धरायला दांडा, कोरडी फरशी, रात्रीचा छोटा दिवा. दोन गोष्टी मात्र सहसा कुणी सांगत नाही. एक चष्मा. तुमचा दुहेरी भिंगाचा असेल, तर खालचा भाग वाचायचा असतो; जिना उतरताना नजर त्यातूनच जाते आणि पायरी धूसर दिसते. मान खाली करून वरच्या भिंगातून बघा, किंवा चालण्यासाठी फक्त लांबचा चष्मा वेगळा करून घ्या. दुसरी गोष्ट उठण्याची. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि या वयात रक्तदाब सावरायला वेळ लागतो, म्हणून चक्कर येते. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उठा. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो. डॉक्टरांना "मी पडलो होतो" असं स्पष्ट सांगून सगळ्या गोळ्या दाखवा. मनाने एकही बंद करू नका. पुरुष मंडळी पडल्याचं डॉक्टरांपासून लपवतात, हा माझा अनुभव.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. त्याला जिम नको. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, आधी ५ वेळा, मग १०. ओट्याला धरून एका पायावर १० सेकंद. बायकोलाही सोबत घ्या, पॉझिटिव्ह होण्यापेक्षा हे सोपं आहे.

त्या शब्दाने मीही वैतागते. पण त्यामागे काहीतरी आहे. अमेरिकेत बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये ५० वर्षांपुढच्या ६६० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःच्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने बघणारे साधारण साडेसात वर्षं जास्त जगले होते. नुसत्या विचाराने आयुष्य वाढतं असं यावरून मी म्हणणार नाही. मला रस आहे तो त्यांना विचारलेल्या प्रश्नांत. तुम्ही किती हसता, असं कुणी विचारलं नव्हतं. वय वाढलं की माणूस कमी उपयोगाचा होतो, हे पटतं का, अशा धाटणीचे ते प्रश्न होते. तुमच्या पत्रात मला नेमकं तेच दुखणं दिसतं. पहाऱ्यामुळे तुमच्या हातातली कामं गेली आहेत.

तेव्हा एक काम परत मागून घ्या, ज्यासाठी रोज खाली उतरावंच लागेल असं. आठ दिवस मुलाला सोबत न्या. तो तुमच्या एक पायरी खाली असू दे, तुमचा हात मात्र कठड्यावर, त्याच्या खांद्यावर नाही. तुमचं उतरणं त्याने डोळ्यांनी बघितलं, की नवव्या दिवशी तो वरूनच "जाऊन या" म्हणेल. नाही म्हणाला, तर मला पुन्हा लिहा.